परदेशगमन, कायदा आणि दहावीचा दाखला

परदेशगमनाचा विषय निघाला म्हणजे आपल्याकडे प्रथम अमेरिकेचे नाव निघते. वकिलातीच्या खिडकीपाशी साहेबाने काय विचारले, कोणाला नकार मिळाला, याच्या हकिगती मध्यमवर्गीय घरांतून रंगवून सांगितल्या जातात. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात मात्र परदेश म्हणजे दुबई, कुवेत नाही तर सौदी. तेथे जाऊ पाहणारा तरुण हमालाचा किंवा टेम्पोवाल्याचा मुलगा असतो आणि त्याच्या वाटेवर उभा असलेला कायदा निराळा आहे. आमच्या राज्यशास्त्राच्या वर्गात त्या कायद्याचे नावही निघत नाही. ती उणीव अंशतः भरून काढावी, एवढाच या लेखाचा हेतू.

निमित्त घडले ते असे. आमच्या परिचयाचा एक तरुण एके सायंकाळी काही कागद घेऊन आला. वडील भुसार विभागात हमाल. मुलगा नववीनंतर शाळा सोडून टेम्पो चालवू लागला. एका दलालाने त्याला आखातात ड्रायव्हरची नोकरी देऊ केली होती आणि त्यापायी चाळीस हजार रुपये आगाऊ घेतले होते. "सर, व्हिसा आला आहे. एकदा बघता का?" तो म्हणाला. व्हिसा आला होता हे खरे; परंतु तो होता भेटीचा, नोकरीचा नव्हे. "आधी व्हिजिटवर जा, तिकडे गेल्यावर बदलून घेऊ," असे दलालाने सांगितले होते.

या एका वाक्यात काय दडले आहे हे कळण्यासाठी प्रथम तीन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. लोक त्यांची सर्रास गल्लत करतात.

पहिली गोष्ट पासपोर्ट. 'हा आमचा नागरिक आहे' असे आपले सरकार जगाला सांगते, तो हा कागद. १९६७ पर्यंत पासपोर्ट देणे न देणे ही सरकारची मर्जी समजली जाई. त्या वर्षी सतवंतसिंग साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, तीन विरुद्ध दोन अशा मतांनी, परदेशप्रवासाचा हक्क घटनेच्या २१ व्या कलमातील व्यक्तिस्वातंत्र्यात येतो असा निर्णय दिला. मग संसदेने त्याच वर्षी पासपोर्टचा कायदा केला. १९७८ चा मनेका गांधी खटला विद्यार्थ्यांना ठाऊक असतो. पासपोर्ट काढून घेताना कारण सांगितले पाहिजे आणि त्यासाठीची कार्यपद्धती न्याय्य व वाजवी असली पाहिजे, हे तत्त्व तेथे प्रस्थापित झाले. याच १९६७ च्या कायद्यातील १७ वे कलम सहसा कोणी वाचत नाही. पासपोर्ट कोणाच्याही हाती असला तरी तो केंद्र सरकारच्या मालकीचा राहतो, असे त्यात म्हटले आहे. आखातातील मालक कामगाराचा पासपोर्ट स्वतःच्या कपाटात ठेवून घेतो, ही जुनी तक्रार आहे. ती वस्तू मालकाचीही नव्हे आणि कामगाराचीही नव्हे, हे कामगाराला ठाऊक असलेले बरे.

दुसरी गोष्ट व्हिसा. ही परक्या राज्याची परवानगी. तिच्यावर आपला हक्क नाही आणि आपले कोणतेही न्यायालय ती मिळवून देऊ शकत नाही. ती ज्या कामासाठी दिली त्याच कामासाठी चालते. भेटीच्या व्हिसावर गाडी चालवून पगार घेणे हा तेथे गुन्हा आहे. दंड, अटक आणि परत पाठवणी यांपैकी काहीही वाट्याला येऊ शकते.

तिसरी परवानगी पुन्हा आपल्याच सरकारची, पण ती सर्वांना लागत नाही. तिची हकिगत थोडी मागे जाऊन सांगावी लागेल.

१८३४ नंतर मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेण्यास आरंभ झाला. मुंबई बंदरातून कोकणातील व देशावरील माणसेही गेली. त्यांचे वंशज तेथे आहेत आणि मराठी आजही तेथे शिकवली जाते. मजुरांची फसवणूक होते अशी ओरड झाल्यावर कंपनी सरकारने १८३७ मध्ये कायदा केला. मजुराने व दलालाने नेमलेल्या अधिकाऱ्यापुढे हजर राहायचे, कराराच्या अटी लेखी दाखवायच्या, असे त्यात ठरले. पुढे गिरमिटाची पद्धत बंद पडली, १९२२ चा कायदा आला. १९७३ नंतर तेलाच्या पैशाने आखातात बांधकामे सुरू झाली, भारतीय मजुरांची रीघ लागली, आणि १९८३ मध्ये संसदेने नवा उत्प्रवास कायदा केला. उत्प्रवासी संरक्षक हा अधिकारी याच परंपरेतला. लेखी अटी दाखवा, मग जहाजावर चढा, ही मूळ कल्पना दीडशे वर्षे टिकली. जहाजाच्या जागी विमान आले इतकेच.

या कायद्यान्वये अठरा देशांत नोकरीसाठी जाणाऱ्या काही नागरिकांना संरक्षकाची मंजुरी लागते. सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, कुवेत, कतार, ओमान, बहरीन, इराक, मलेशिया वगैरे देश त्या यादीत आहेत. काही नागरिक म्हणजे कोणते? मुख्यतः जे दहावी उत्तीर्ण नाहीत ते. एके काळी या मंजुरीतून सूट पदवीधरांना होती, नंतर ती दहावीपर्यंत खाली आणली. प्राप्तिकर भरणारे, पन्नाशी उलटलेले, तीन वर्षे परदेशी राहून आलेले यांनाही ती आहे. ज्याला सूट नाही त्याच्या पासपोर्टावर ईसीआर ही अक्षरे येतात. २०१८ च्या जानेवारीत अशा लोकांना नारिंगी रंगाचा पासपोर्ट द्यावा असे सरकारने ठरवले होते. परक्या विमानतळावर रंगावरूनच माणूस कमी शिकलेला ठरेल, असा आक्षेप निघाला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस तो विचार सोडून द्यावा लागला. आक्षेप योग्य होता. परंतु रंग टळला तरी अक्षरे आहेतच.

ही अक्षरे अपमानाची की संरक्षणाची? आमच्या मते दोन्ही. मार्केट यार्डात हे समजावून सांगणे अवघड जात नाही. हमालाला ठरावीक मालक नसतो, म्हणून महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा केला. डॉ. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने हमालीच्या दरासाठी जे लढे दिले, त्यांच्यामागेही हेच होते, की एकटा हमाल आडत्याशी घासाघीस करू शकत नाही. आखातात तर कामगाराचा राहण्याचा परवानाच मालकाशी बांधलेला. तेव्हा निघण्यापूर्वी त्याचा करार कोणीतरी वाचावा, हे रास्तच. मंजुरीसाठी नोकरीचा व्हिसा, पगार, कामाचे तास, राहण्याची सोय यांचा उल्लेख असलेला करार आणि दहा लाख रुपयांचा विमा लागतो. दलालाकडे सरकारी नोंदणी हवी. सेवाशुल्क तीस हजार रुपये आणि त्यावरील कर यांपेक्षा अधिक घेता येत नाही आणि त्याची पावती द्यावी लागते. शेतकरी आडत्याकडून हिशोबपट्टी घेतो आणि हमाली, तोलाई किती कापली ते पाहतो. दलालाशी व्यवहार करतानाही हीच सवय ठेवावी.

आता त्या तरुणाच्या कागदांकडे वळू. दलालाची नोंदणी नव्हती. पावती नव्हती. भेटीचा व्हिसा का, याचे उत्तर कायद्यातच होते: ईसीआर पासपोर्टवाला सहलीला निघाला तर त्याला संरक्षकाची मंजुरी लागत नाही. म्हणजे करार दाखवावा लागू नये म्हणून हा आडमार्ग. संरक्षण टाळण्याची ही युक्ती दलाल 'लवकर काम होईल' या नावाने विकतो आणि गरजू माणूस ती जादा पैसे मोजून घेतो.

पासपोर्टमध्येही एक खोट निघाली. नावाच्या रकान्यात त्याचे एकट्याचे नाव होते आणि आडनावाची जागा कोरी. २०२२ च्या नोव्हेंबरपासून संयुक्त अरब अमिरातीने असे एकेरी नाव असलेल्यांना भेटीच्या व्हिसावर प्रवेश नाकारला आहे. म्हणजे दलालाच्या वाटेने गेला असता तरी गडी विमानतळावरूनच परत आला असता! जन्मतारीख १ जून. आपल्याकडे गुरुजींच्या कृपेने अर्ध्या गावाचा जन्म त्या दिवशी झालेला असतो. पण शाळेच्या दाखल्यावर, आधारवर आणि पासपोर्टवर ती एकच असली तर बिघडत नाही. २०१६ च्या अखेरीपासून शाळेचा दाखला जन्मतारखेसाठी चालतो. १ ऑक्टोबर २०२३ रोजी वा नंतर जन्मलेल्यांनाच जन्माचा दाखला सक्तीचा आहे. नावाची दुरुस्ती मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात रीतसर अर्ज करून होण्यासारखी होती आणि ती त्याने करून घेतली. चाळीस हजारांपैकी पंधरा परत मिळाले. बाकीच्यांचे नाव काढले की वडील गप्प बसतात.

"दहावी झालो तर हा शिक्का जाईल ना, सर?" त्याने विचारले. जाईल. पण येथेच या कायद्यातील सर्वांत मोठी विसंगती आहे. शिक्का गेला की करार तपासणाराही गेला. नववी नापास कामगाराचा करार सरकार वाचते. दहावी उत्तीर्ण कामगार काही न दाखवता विमानात बसू शकतो, जणू दहावीच्या इंग्रजीत सौदी मालकाचे कलम कळते! सूट असलेल्यांनीही नोंदणी करावी असा नियम १ जानेवारी २०१९ पासून येणार होता, तो त्यापूर्वीच स्थगित झाला. शिक्षणाची अट हलवून हा प्रश्न सुटणार नाही. करार तपासून घेण्याची सोय मागेल त्याला मिळाली पाहिजे, असे आम्हांस वाटते.

हे सारे त्याला सांगितले. त्याने बाहेरून परीक्षेला बसण्यासाठी १७ नंबरचा फॉर्म भरला आहे. टेम्पोची शेवटची खेप झाली की तो इंग्रजीचे पुस्तक घेऊन येतो. सोबत करारनाम्याचा एक नमुनाही असतो. त्यात 'ओव्हरटाइम' या शब्दाखाली त्याने पेन्सिलीने रेघ ओढली आहे.