पन्हळीचे पाणी सोडायचे कुठे?

गोठ्याला पन्हळ बसवायची आणि तिचे पाणी जोत्याच्या कोपऱ्यातच सोडायचे, तर त्यापेक्षा पन्हळ नसलेली बरी. जुन्या मावळी घरांना पन्हळी नसत. छप्पर भिंतीच्या चांगले पुढे काढलेले असे आणि पागोळ्या घराच्या सगळ्या लांबीवर वाटून पडत. पन्हळ हे वाटलेले पाणी गोळा करून एका तोंडाशी आणते. उभा पाइप तिथेच संपवला की सगळ्या पाखीचा मारा एकाच कोपऱ्यावर. दोन-तीन पावसाळ्यांत तिथली माती निघून जाते, जोत्याचा दगड उघडा पडतो, भिंतीला ओल चढते आणि त्याच भिंतीला टेकून ठेवलेले भाताचे बियाणे बुरसते. मावळात हे काम निम्म्यावर सोडलेली घरे आणि गोठे पुष्कळ दिसतात. पन्हळीवर खर्च केलेला असतो, पुढच्या दहा फूट पाइपवर मात्र नाही.

पाण्याचा हिशोब सोपा आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. २० बाय ३० फुटांचा गोठा सुमारे ५५ चौरस मीटर भरतो. १०० मिमी पाऊस झाला की त्याच्या पत्र्यावरून साडेपाच हजार लिटर उतरतात. लोणावळ्यात जुलैमध्ये एका दिवसात २०० मिमी पडणे नवलाचे नाही. घाटमाथ्यावरून पूर्वेला वडगाव, तळेगावकडे सरकावे तसा पाऊस झपाट्याने कमी होतो. म्हणून तालुका एक असला तरी सल्ला एक नाही. पश्चिम पट्ट्यात पाणी सुखरूप बाहेर काढायचे, पूर्व पट्ट्यात जमेल तेवढे धरायचे.

हे काम रोहिणी लागायच्या आत संपवा. मृगावर विसंबू नका. २०२५ साली मोसमी पाऊस २६ मेलाच मुंबईत पोचला होता.

कामाची सुरुवात छपराकडून नको, शेवटाकडून करा. पाणी कुठे जाणार हे आधी ठरवा: ओढा, गावाचा चर, शोषखड्डा की टाकी. मग तिथून मागे येत पाइपची रेघ आखा. जोत्यापासून निदान सहा फूट, जमले तर दहा फूट पाणी लांब गेले पाहिजे. दहा फुटांना दीड इंच उतार द्या आणि तो डोळ्यांनी न ठरवता पाण्याच्या लेव्हल ट्यूबने बघा. तोंडाशी मोठे दगड बसवा, नाहीतर पहिल्याच झडीत तिथे खड्डा पडेल.

आता जोडणी. प्रत्येक सांध्यात वरच्या पाइपचे साधे टोक खालच्या पाइपच्या रुंद तोंडात गेले पाहिजे. उलटे बसवले तर पाणी सांध्यातून बाहेर फुटते. पन्हळीच्या पत्र्यांनाही हाच नियम: उताराच्या वरचा तुकडा खालच्यावर चढलेला हवा. पुढे जाताना पाइप कधीही बारीक करू नका. ७५ मिमीचे दोन पाइप एकत्र आले तर पुढे ११० मिमीचा चालतो. ११० मिमीचे दोन आले तर पुढे १६० मिमीचाच हवा. दोन प्रवाह ‘टी’मध्ये समोरासमोर आदळू देऊ नका, ‘वाय’ वापरा. वळणावर काटकोनी बेंडऐवजी ४५ अंशांचे दोन घेतले तर पाला अडकत नाही. उभ्या पाइपच्या तळाशी झाकण उघडता येणारा बेंड ठेवा, आणि सगळेच सांधे सोल्युशनने चिकटवून टाकू नका. साधारण ४० चौरस मीटर छपरामागे ११० मिमीचा एक उभा पाइप धरा. दुपाखी गोठ्याला प्रत्येक पाखीचा वेगळा.

घरात पडलेला तुषार सिंचनाचा काळा पाइप पुढे जोडण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. तो एचडीपीईचा असतो. पीव्हीसीचे सोल्युशन त्याला धरत नाही. शिवाय तो बहुतेक ६३ किंवा ७५ मिमीचा, म्हणजे ११० मिमीच्या उभ्या पाइपचा गळा आवळणारा. तो ठिबकासाठी टाकीतून पाणी न्यायला ठेवा.

गोठ्याच्या बाबतीत एक गोष्ट कटाक्षाने पाळा: छपराचे पाणी आणि शेणाचे पाणी एकत्र होता कामा नये. एकत्र झाले की शेणखड्डा भरून वाहतो, खताचा कस ओढ्यात जातो आणि गव्हाणीपुढे चिखल होतो. त्या चिखलात जनावरांचे खूर कुजतात, दुभत्या जनावराची कास बिघडते. तेव्हा पाइप शेणखड्ड्याच्या वरच्या अंगाला वळसा घालून न्या.

भाताची रोपवाटिका घराजवळ असते, आणि पाइपचे तोंड नेमके तिकडे वळवले जाते. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने दिलेल्या इंद्रायणीचे नुकते उगवलेले रोप असल्या धारेपुढे टिकत नाही. गादीवाफाच वाहून जातो. लावणी झालेल्या खाचरात पाणी घ्यायचे असेल तर बांधावर न सोडता दगडी मोरीतून घ्या.

नाणे, आंदर आणि पवन मावळात डोंगर तासून बांधलेली घरे आहेत. तिथे छपराचे पाणी घरामागच्या उतारावर किंवा कापलेल्या दरडीच्या माथ्यावर मुरू देऊ नका, आणि शोषखड्डाही तिथे खणू नका. पाण्याने जड झालेली माती काय करते हे पुणे जिल्ह्याने ३० जुलै २०१४ रोजी माळीण गावावर कोसळलेल्या दरडीत पाहिले आहे. अशा जागी बंद पाइपने पाणी थेट ओढ्यापर्यंत न्यावे, खर्च थोडा जास्त आला तरी.

तळेगाव परिसरातल्या पॉलिहाउसवाल्यांचे गणित निराळे. दहा गुंठ्यांच्या पॉलिहाउसवर १०० मिमी पाऊस म्हणजे एक लाख लिटर पाणी, तेही क्षार जवळपास नसलेले. बोअरचे पाणी खारवट असेल तर त्यात हे पावसाचे पाणी मिसळून गुलाबाला देण्यासारखे दुसरे नाही. दोन कमानींमधल्या पन्हळींची तोंडे एका मुख्य पाइपला जोडून अस्तर घातलेल्या शेततळ्यात सोडा. पहिल्या एक-दोन सरी मात्र बाहेर जाऊ द्या, त्यात वर्षभराची धूळ असते. त्यासाठी तळ्याच्या आधी एक झडप लागेल. पन्हळीचे सांधे आतून तपासा. एक सांधा गळत राहिला की खालच्या वाफ्यात डाउनी आणि बोट्रायटिस आलेच.

पाइप पुरण्याआधी शेजाऱ्याला रेघ दाखवून घ्या. बांधावरच्या पाण्याच्या तक्रारी मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदारापर्यंत जातात आणि भाताच्या हंगामात वडगावच्या फेऱ्या मारायला कुणालाच सवड नसते. उभ्या पाइपला दर पाच-सहा फुटांवर क्लॅम्प ठोका. घाटातला वारा आणि लोणावळ्याची माकडे, दोघेही सैल पाइप ठेवत नाहीत. पहिल्या जोरदार पावसात इरले किंवा छत्री घेऊन एक फेरी मारा आणि पन्हळीच्या काठावरून पाणी कुठे उसळते ते बघून तिथला पाला त्याच दिवशी काढा.