विधिमंडळ, न्यायपालिका आणि मावळातील नागरिक

दिनांक 8 जुलै 2025 रोजी मुंबईच्या विधानभवनात महाराष्ट्र विधिमंडळाच्या वतीने भारताचे तत्कालीन सरन्यायाधीश न्यायमूर्ती भूषण गवई यांचा सत्कार करण्यात आला. अमरावतीचे सुपुत्र असलेल्या न्यायमूर्ती गवई यांनी 14 मे 2025 रोजी सरन्यायाधीशपदाची शपथ घेतली होती आणि त्याच वर्षी 23 नोव्हेंबर रोजी ते निवृत्त झाले. त्यांचे वडील रा. सू. गवई यांनी राज्याच्या विधान परिषदेचे सभापतिपद भूषविले होते. यामुळे या समारंभाला एक वेगळा जिव्हाळा प्राप्त झाला होता.

सत्काराला उत्तर देताना सरन्यायाधीशांनी भारतीय संविधानाविषयी विवेचन केले. सामाजिक आणि आर्थिक समतेची क्रांती रक्तपाताविना घडवून आणण्याचे साधन म्हणून त्यांनी संविधानाकडे पाहिले. तत्पूर्वी, जून महिन्यात, अमरावती येथील सत्कारप्रसंगी त्यांनी संसद, कार्यपालिका वा न्यायपालिका यांपैकी कोणीही सर्वोच्च नसून संविधानच सर्वोच्च आहे, असे प्रतिपादन केले होते. कायदे करणाऱ्यांनी आणि ते राबविणाऱ्यांनी या विचाराचा अर्थ आपापल्या कामात कसा लावावा, हा खरा अभ्यासाचा विषय होय.

परस्परांच्या मर्यादा

संविधानाच्या 50 व्या अनुच्छेदाने न्यायपालिका कार्यपालिकेपासून अलग ठेवण्याचे तत्त्व राज्यापुढे ठेवले आहे. उच्च न्यायालयाच्या वा सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाने आपले कर्तव्य बजावताना केलेल्या वर्तनाची चर्चा राज्याच्या विधानमंडळात करता येत नाही, असे अनुच्छेद 211 सांगतो. लगेच पुढचा अनुच्छेद 212 न्यायालयांनाही मर्यादा घालतो. कामकाजाच्या पद्धतीत काही अनियमितता झाली, एवढ्याच कारणावरून विधानमंडळाच्या कार्यवाहीची वैधता न्यायालयात तपासता येत नाही. दोन्ही संस्थांनी एकमेकींचा मान राखावा, यासाठी ही योजना आहे. मात्र केलेला कायदा संविधानाशी सुसंगत आहे किंवा नाही, हे पाहण्याचा अधिकार न्यायालयांकडेच राहतो. संसदेला संविधानात दुरुस्ती करता येते, परंतु त्याची मूलभूत चौकट मोडता येत नाही, हे 24 एप्रिल 1973 रोजीच्या केशवानंद भारती खटल्याच्या निकालाने स्पष्ट केले.

मावळातील प्रत्यक्ष प्रश्न

ही तत्त्वे राजधानीपुरती मर्यादित नाहीत. पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यात त्यांची कसोटी रोज लागते. लोहमार्ग, महामार्ग आणि द्रुतगती मार्ग यांमुळे लोणावळा, कार्ला, कामशेत, वडगाव या पट्ट्यात जमिनीला मोठी मागणी आली. शेतजमिनीच्या शेजारी बंगले, विश्रामगृहे आणि दुकाने उभी राहिली. यांपैकी काही बांधकामे परवानगीने झाली, काही परवानगीवाचून. अशा बांधकामांवर कारवाई करणे हे नियोजन प्राधिकरणाचे व स्थानिक संस्थेचे कर्तव्यच आहे. प्रश्न उरतो तो कारवाई कोणत्या रीतीने करावी, याचा.

त्याचे उत्तर न्यायमूर्ती गवई आणि न्यायमूर्ती के. व्ही. विश्वनाथन यांच्या खंडपीठाने 13 नोव्हेंबर 2024 रोजी दिलेल्या निर्णयात सापडते. एखाद्यावर गुन्ह्याचा आरोप आहे किंवा तो दोषी ठरला आहे, एवढ्याच कारणासाठी त्याचे घर पाडता येणार नाही आणि कार्यपालिकेला स्वतःच न्यायाधीश बनता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने बजावले. निवाऱ्याचा हक्क हा अनुच्छेद 21 मधील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, हे त्यामागील सूत्र होय.

या निर्णयानुसार पूर्वसूचना दिल्यावाचून बांधकाम पाडता येत नाही. नोटीस नोंदणीकृत टपालाने पाठवावी आणि बांधकामावरही ठळक जागी चिकटवावी. उत्तरासाठी स्थानिक कायद्यातील मुदत किंवा 15 दिवस, यांपैकी जी मुदत नंतर संपेल ती द्यावी. नोटिशीत कोणत्या नियमाचा भंग झाला ते नमूद करावे. नोटीस बजावल्याची खबर जिल्हाधिकारी कार्यालयास ई-मेलने द्यावी, म्हणजे मागील तारीख घालण्यास वाव राहत नाही. संबंधिताचे म्हणणे प्रत्यक्ष ऐकून सकारण आदेश काढावा. बांधकाम नियमित करता येण्यासारखे आहे काय आणि पाडण्यावाचून अन्य उपाय नाही काय, याचा विचार त्या आदेशात असावा. आदेश मिळाल्यापासून आणखी 15 दिवस कारवाई करू नये. प्रत्यक्ष कारवाईचे चित्रीकरण करावे. या निर्देशांचा भंग झाल्यास पाडलेल्या मालमत्तेच्या पुनर्स्थापनेचा खर्च संबंधित अधिकाऱ्यास स्वतः सोसावा लागू शकतो.

तथापि, हे संरक्षण सरसकट नाही. रस्ता, पदपथ, लोहमार्गालगतची जागा, नदी वा जलाशय अशा सार्वजनिक ठिकाणच्या अनधिकृत बांधकामांना, तसेच न्यायालयाने पाडण्याचा आदेश दिलेल्या बांधकामांना हे निर्देश लागू होत नाहीत. लोणावळ्याच्या भुशी धरण परिसरात 30 जून 2024 रोजी पाण्याच्या लोंढ्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. पाण्याच्या वाटा मोकळ्या व सुरक्षित ठेवण्याचे महत्त्व या दुर्घटनेने दाखवून दिले. एकाच्या निवाऱ्याचा हक्क आणि अनेकांच्या जीविताचा हक्क या दोहोंचे भान निर्णयात राखले आहे, ते यासाठीच.

न्यायापर्यंतची वाट

तालुक्यातील नागरिकाला न्यायाचे पहिले दार वडगाव मावळ येथे आहे. कोल्हापूर येथे 18 ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाच्या फिरत्या खंडपीठाचे काम सुरू झाले. मात्र ते कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी आहे. पुणे जिल्ह्याचे उच्च न्यायालय मुंबईतच राहिले आहे. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 अन्वये मोफत सहाय्य मिळू शकते. स्त्रिया, अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता हा हक्क आहे. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो. ही माहिती ग्रामसभेत वाचून दाखविण्यास पंचायतीला फारसा खर्च येणार नाही.

विधिमंडळाने विचारपूर्वक कायदा करावा, अधिकाऱ्याने तो रीतसर राबवावा आणि न्यायालयाने दोघांनाही संविधानाच्या चौकटीत ठेवावे, अशी ही रचना आहे. ग्रामसेवकाने वेळेवर बजावलेली नोटीस, मुख्याधिकाऱ्याने शांतपणे ऐकून घेतलेले म्हणणे आणि कारणांसह लिहिलेला आदेश यांतूनच संविधानाची सर्वोच्चता सामान्य माणसाच्या प्रत्ययास येते. शिक्षकांनी नागरिकशास्त्राच्या तासाला याच उदाहरणांवरून हा विषय शिकविला, तर तो विद्यार्थ्यांना अधिक जवळचा वाटेल.