दूरच्या ग्रहांचे दर्शन व उपकरणांची सुधारणा
(वरच्या वर्गांच्या सामान्य विज्ञानासाठी पाठटिपण)



सूर्यमालेचा पाठ चालू असता "इतर ताऱ्यांभोवतीही ग्रह आहेत काय?" असे एखादा तरी चौकस विद्यार्थी विचारतोच. 'आहेत' हे उत्तर आज निःशंकपणे देता येते. १९९५ साली मिशेल मेयर व दिदिए केलो या स्विस ज्योतिर्विदांनी ५१ पेगॅसी या सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा ग्रह शोधून काढला; २०१९ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. २०२५ सालापर्यंत अशा ज्ञात ग्रहांची संख्या सहा हजारांवर गेली.

परंतु याहून मोलाचा प्रश्न पुढचा आहे : "ते कोणी पाहिले काय?" यांपैकी बहुतेक ग्रह कोणीही पाहिलेले नाहीत. ताऱ्याचे किंचित हेलकावणे, किंवा त्याच्या प्रकाशात ठराविक काळाने पडणारी तूट, यांवरून त्यांचे अस्तित्व सिद्ध झाले आहे. प्रत्यक्ष प्रतिमा मिळालेले ग्रह शंभराहूनही कमी आहेत. अनुमानाने जाणणे व प्रत्यक्ष पाहणे यांतील भेद मुलांस उमगावा, हा या पाठाचा मुख्य हेतू होय.

१. अडचणीचे स्वरूप

दुरून पाहणाऱ्यास आपला सूर्य गुरूपेक्षा सुमारे एक अब्ज पट तेजस्वी दिसेल. पृथ्वीच्या बाबतीत हे प्रमाण दहा अब्ज पटींच्या घरात जाते. शिवाय दोहोंतील अंतर इतके अल्प भासते की, ताऱ्याच्या झगमगाटात ग्रह बुडून जातो. म्हणून ज्योतिर्विद प्रथम तरुण ताऱ्यांकडे वळले. त्यांच्याभोवतीचे मोठे ग्रह जन्मकाळच्या उष्णतेने अद्याप तप्त असतात व अवरक्त किरणांत स्वतःचे मंद तेज देतात. तेथे ही तफावत दहा लाख पटींच्या आसपास येते.

दुसरी अडचण आपल्या वातावरणाची. हवेचे उष्ण-थंड थर सतत हलत असल्याने ताऱ्याची प्रतिमा थरथरते व पसरते. दुर्बिणीचा आरसा कितीही मोठा केला तरी केवळ त्याने हा दोष जात नाही.

२. उपाय

(अ) लवचिक आरसा : वातावरणाने प्रकाशलहरी किती वेड्यावाकड्या केल्या हे मोजावे व एका लवचिक आरशास तेवढाच उलट बाक द्यावा, ही कल्पना हॉरेस बॅबकॉक यांनी १९५३ साली मांडली. हीच 'अनुकूली प्रकाशिकी'. हे काम एका सेकंदात शेकडो वेळा करावे लागते.

(आ) करोनाग्राफ : सूर्याचे प्रभामंडल ग्रहणावाचून पाहता यावे म्हणून बर्नार लिओ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९३० च्या सुमारास हे उपकरण रचले. ताऱ्याचा प्रकाश मध्यभागीच अडवून शेजारचे मंद तेज दिसू द्यावे, हे त्याचे तत्त्व.

(इ) डागांची वजाबाकी : एवढे करूनही प्रतिमेत प्रकाशाचे डाग उरतात व ते ग्रहासारखेच भासतात. मात्र रात्र सरते तसे दुर्बिणीतून आकाश फिरताना दिसते, तर उपकरणाचे डाग जागीच राहतात. जो ठिपका ताऱ्याभोवती आकाशासह फिरला तोच खरा. राहिलेले वजा करावयाचे.

३. एका उपकरणाचे उदाहरण

चिली देशातील सेरो पाचोन पर्वतावर ८.१ मीटर व्यासाच्या आरशाची जेमिनी साउथ दुर्बीण आहे. तिच्यावर २०१३ साली 'जेमिनी प्लॅनेट इमेजर' हे उपकरण कार्यान्वित झाले. त्यातील लहानशा लवचिक आरशामागे चार हजारांहून अधिक सूक्ष्म चालक होते. २०१५ साली या उपकरणाने सुमारे शंभर प्रकाशवर्षे दूर असलेल्या ५१ एरिदानी ताऱ्याभोवतीचा ग्रह जाहीर झाला. त्याच्या वातावरणात मिथेन वायूही आढळला. तथापि पाचशेंवर तारे तपासूनही नवे ग्रह फार थोडे हाती आले. बरेच दूरचे तरुण तारे इतके मंद होते की, त्यांच्या तुटपुंज्या प्रकाशावरून लहरींचे मापन नीट होईना.

तेव्हा उपकरण टाकून न देता २०२२ साली ते अमेरिकेतील नोत्र दाम विद्यापीठात सुधारणेसाठी नेण्यात आले. ताऱ्याचा प्रकाश चौघांत विभागणाऱ्या काचेच्या पिरॅमिडवर आधारलेले नवे लहरीमापक, मंद प्रकाशही टिपणारा कॅमेरा, जलद संगणक व नवे करोनाग्राफ अशी सुधारणेची आखणी झाली. त्यानंतर ते हवाई बेटावरील मौना केआ येथील जेमिनी नॉर्थ दुर्बिणीस जोडावयाचे असे ठरले. दुर्बिणीचा आरसा पूर्वीएवढाच. वाढवावयाची ती उपकरणाची सूक्ष्मता.

याच विचाराचा एक प्रयत्न आपल्या जवळचा आहे. पुण्याच्या आयुका संस्थेने अमेरिकेतील कॅलटेक संस्थेच्या सहकार्याने 'रोबो-एओ' ही स्वयंचलित व्यवस्था उभारली. पालोमार येथील अवघ्या दीड मीटरच्या दुर्बिणीवर तिने ग्रह असण्याचा संभव असलेले ७१५ तारे तपासले. शेजारच्या एखाद्या मंद ताऱ्यामुळे फसगत तर होत नाही ना, हे तीत पडताळण्यात आले.

४. वर्गातील प्रयोग

(अ) खोलीत अंधार करून विजेच्या दिव्याशेजारी वीतभर अंतरावर पेटती उदबत्ती ठेवावी. खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून तिचे टोक दिसणे कठीण जाते. आता एक डोळा मिटून, पुठ्ठ्याच्या लहान चकतीने केवळ दिवा झाकावा. टोक स्पष्ट दिसू लागते.

(आ) पाण्याच्या परातीत नाणे ठेवून पाणी बोटाने हलवावे. नाण्याची कड कशी मोडते ते मुलांनी वहीत काढावे.

(इ) चष्म्याच्या काचेवर शाईचा ठिपका द्यावा. मान वळविली की ठिपका बरोबर येतो, भिंतीवरील चित्र येत नाही. डाग काचेवरचा की भिंतीवरचा, हे मुलांनीच ठरवावे.

५. दक्षता

प्रयोग (अ) सूर्यावर करण्याचा मोह मुलांस होईल. चकती किंचित ढळली तरी डोळ्यांस कायमची इजा होते. म्हणून प्रयोगापूर्वीच तशी सक्त ताकीद द्यावी. तसेच वृत्तपत्रांत येणारी समुद्र-पर्वतांनी नटलेल्या ग्रहांची रंगीत चित्रे ही चित्रकाराची कल्पना असते, हे सांगावे. खरी प्रतिमा म्हणजे एक ठिपका. तो ठिपका खरा आहे, हेच त्याचे मोल.

स्वाध्याय

१. ग्रह न पाहताही तो आहे असे कशावरून म्हणता येते?
२. मोठ्या आरशाने वातावरणाचा दोष का जात नाही?
३. प्रतिमेतील खरा ग्रह व उपकरणाचा डाग कसे ओळखाल?
४. आपल्या गावात, न पाहिलेली परंतु पुराव्याने खात्री पटलेली एक गोष्ट सांगा व तो पुरावा लिहा.