गुरू पाय धुतो तेव्हा



धर्मशिक्षणाच्या वर्गात सातवीतल्या एका मुलाने मला विचारले, ‘फादर, पृथ्वीवर कोणाला पिता म्हणू नका असे येशूने सांगितले आहे ना? मग आम्ही तुम्हाला फादर का म्हणतो?’ तास संपत आला होता. ‘ती आदराची पद्धत आहे,’ असे म्हणून मी सुटका करून घेतली. ते उत्तर नव्हते. आज नीट प्रयत्न करतो.

मत्तयच्या २३ व्या अध्यायात येशू सांगतो की कोणी तुम्हाला रब्बी म्हणू नये, कारण तुमचा गुरू एकच आहे आणि तुम्ही सर्व भाऊ आहात. रब्बी म्हणजे शब्दशः ‘माझे थोर’. गंमत अशी, की मत्तयच्या शुभवर्तमानात येशूला रब्बी म्हणून हाक मारणारा शिष्य एकच, यहूदा इस्कार्योत. एकदा शेवटच्या भोजनाच्या वेळी आणि एकदा बागेत, चुंबन घेताना. आदराची हाक म्हणजे आदर नव्हे, हे आणखी कसे सांगायचे?

मात्र योहानच्या १३ व्या अध्यायात येशू म्हणतो की तुम्ही मला गुरू आणि प्रभू म्हणता ते बरोबरच आहे. म्हणजे गुरुपद त्याने मोडले नाही. मग काय केले?

यहुदी परंपरा अशी होती, की दास धन्याची जी कामे करतो ती सर्व शिष्याने गुरूसाठी करावीत, फक्त वहाणा सोडण्याचे काम सोडून. ही शिकवण येशूनंतरच्या काळात तालमूदमध्ये लिहिली गेली. पण बाप्तिस्मा करणारा योहान येशूच्या वहाणेचा बंद सोडण्यासही स्वतःला अपात्र म्हणतो, ते यामुळे उलगडते. दुसऱ्या एका जुन्या यहुदी भाष्यात तर हिब्रू दासाकडूनही पाय धुऊन घेऊ नयेत असे आहे. इतके हलके काम गुरूने शिष्यांसाठी केले, यहूदाही तेथे असताना.

आपल्याकडची पाद्यपूजा पाहिलेल्यांना पेत्राची अडचण लगेच कळेल. तो नको म्हणतो. वरवर ही नम्रता वाटते. मला मात्र त्यात भीती दिसते. गुरूच वाकला, तर उद्या आपल्यालाही वाकावे लागणार!

तर त्या मुलाला माझे उत्तर असे: फादर म्हणायला हरकत नाही. पौलानेही करिंथकरांना लिहिताना स्वतःला त्यांचा पिता म्हटले आहे. शिकवणारा शिकवणारच. पण शिकवल्यामुळे तो भावांच्या वर जात नाही, आणि फादर या शब्दाच्या आधाराने मी वर बसू लागलो, तर येशूचा शब्द माझ्याविरुद्ध आहे.

पाय धुण्याचा विधी १९५५ साली पोप पायस बारावे यांनी पवित्र गुरुवारच्या मिस्सात आणला. त्यासाठी पुरुषच निवडायचे असा नियम होता. २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी तो बदलला, आणि आता स्त्रियांसह सर्व भाविकांतून निवड करता येते. तरी आपली बारा जणांची यादी पाहा: निम्मे पॅरिश कौन्सिलचे, आणि सगळे घरूनच पाय स्वच्छ धुऊन आलेले!

काही वर्षांपूर्वी चर्चचे आवार झाडणाऱ्या एका मावशींना मी विचारले होते. ‘नको फादर, माझे पाय भेगाळलेत. चारचौघांत कसं दिसेल?’ मी आग्रह केला नाही. खरे सांगायचे तर, मला तेव्हा जरा हायसे वाटले. मावशी अजूनही रोज सकाळी झाडायला येतात. यंदा यादी करायला बसण्याआधी मी त्यांच्याकडे जाणार आहे.

आपला,
धर्मगुरू