जगापासून दूर की जगात?



आपल्यातील काही पालक काळजीने विचारतात, “फादर, दिवस वाईट आहेत. मुलांना ह्या सगळ्यापासून दूरच ठेवलेले बरे नाही का?” सगळे म्हणजे मोबाईल, कॉलेजची संगत, शेजाऱ्यांचे समारंभ, राजकारण. प्रश्न जुनाच आहे. करिंथमधील ख्रिस्ती लोकांनाही तो पडला होता आणि संत पौलाने त्यांना उत्तर लिहून पाठवले.

करिंथ हे दोन बंदरांचे श्रीमंत आणि बरेच बदनाम शहर. तेथे पौल दीड वर्ष राहिला, पण वेशीबाहेर झोपडी बांधून नव्हे. अक्विला व प्रिस्किल्ला ह्या दांपत्याच्या घरी राहून तो तंबू बनवण्याचा धंदा करीत असे (प्रेषितांची कृत्ये १८). गिऱ्हाईक काही फक्त ख्रिस्ती नसणार!

पुढे त्याने त्यांना कळवले की, अनैतिक लोकांची संगत धरू नका. काहींनी त्याचा भलताच अर्थ घेतला असावा, कारण नंतर इफिसहून लिहिलेल्या पत्रात त्याला खुलासा करावा लागला (१ करिंथ ५). मी बाहेरच्यांविषयी बोलत नव्हतो, त्यांना टाळायचे तर तुम्हांला जगच सोडावे लागेल, असा त्याचा आशय आहे. त्याला खुपत होते ते मंडळीच्या आतले पाप. एक जण बापाच्या बायकोला ठेवून होता आणि मंडळी मात्र फुशारकीत होती. आपणही जग आत येऊ नये म्हणून दाराला कडी लावतो. पण जमिनीच्या वाटणीवरून भावाभावांत धरलेला अबोला आणि लग्नाच्या मांडवात वाहणारी दारू कडीच्या आतच असते.

मग शेजाऱ्याच्या आमंत्रणाचे काय? देवळात वाहिलेले मांस करिंथच्या बाजारात विकले जाई. पौल सांगतो, ख्रिस्ती नसलेल्या कोणी जेवायला बोलावले व जावेसे वाटले तर जा, वाढलेले खा, चौकशा करू नका. मात्र ‘हे देवाला वाहिलेले आहे’ असे कोणी सांगितले तर खाऊ नका. मांस विटाळलेले असते म्हणून नव्हे, तर सांगणाऱ्याच्या सद्सद्विवेकबुद्धीसाठी. मूर्तिपूजेत सहभागी होणे तो साफ नाकारतो (अध्याय १०). जेवणाला हो, पूजेला नाही. पालकांना ह्याहून सोपा नियम हवा असतो, हे आम्ही जाणतो. पण सोपा नियम दिला की मुले विचार करायला शिकत नाहीत.

तर मग अरण्यात गेलेल्या संतांचे काय, असे कोणी म्हणेल. इजिप्तच्या संत अंतोनीने चर्चमध्ये शुभवर्तमान ऐकून वडिलोपार्जित जमीन देऊन टाकली आणि सुमारे २० वर्षे एका ओसाड किल्ल्यात एकांतात काढली. ते खास पाचारण होते. तरीही इ. स. ३११ च्या सुमारास छळ सुरू झाला तेव्हा तो अलेक्झांड्रियात आला आणि कैदेतील व खाणींतील ख्रिस्ती बांधवांची सेवा करू लागला. संसारी माणसाला तर दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली स्पष्टच सांगितले की, पावित्र्याचे पाचारण सर्वांना आहे आणि प्रापंचिकांनी ते जगाच्या व्यवहारात राहूनच, पिठातल्या खमिराप्रमाणे, जगायचे आहे.

छोट्या ख्रिस्ती समूहाच्या बैठकीत हे पत्र, निदान अध्याय ५, ८ आणि १०, मोठ्याने वाचा. आठव्या अध्यायात पौल ज्याला ‘दुर्बळ’ बंधू म्हणतो, तो आपल्या आळीत कोण, ह्यावर नावे न घेता बोला. मुलांनाही सोबत बसवा.