निखळलेला खांदा आणि त्याचे गुणांकन

खांदा हा शरीरातील सर्वांत मोकळेपणाने फिरणारा आणि म्हणूनच सर्वांत सहज निखळणारा सांधा होय. दंडाच्या हाडाचा मोठा गोल माथा एका उथळ खोबणीवर टेकलेला असतो. खोबणीभोवतीची तंतुमय कड त्याला आवरून धरते. खांदा पुढे निखळला, की बहुधा ही कड हाडापासून सुटते. लंडनचे शल्यविशारद बँकार्ट यांनी १९२३ मध्ये या इजेकडे लक्ष वेधले. आज दुर्बिणीच्या साहाय्याने, बारीक छिद्रांतून ती कड पुन्हा बसवता येते. ती टिकेल काय, हा खरा प्रश्न.

बाल्ग आणि ब्वालो या शल्यविशारदांनी १३१ रुग्णांच्या अभ्यासावरून २००७ मध्ये दहा गुणांची एक मोजणी सुचविली. कोलकात्याच्या मैदानावर खेळणारा १८ वर्षांचा एखादा गोलरक्षक घेऊ. शस्त्रक्रियेच्या वेळी वय विशीच्या आत, याचे दोन गुण. स्पर्धात्मक खेळाचे दोन. अंगाला अंग भिडणारा वा हात जोराने डोक्यावर न्यावा लागणारा खेळ, त्याचा एक. क्ष-किरण चित्र पाहण्यापूर्वीच पाच झाले! सांधा मुळातच सैल असल्यास आणखी एक. चित्रात दंडाच्या माथ्यावर खाच दिसली तर दोन, खोबणीची कड झिजलेली दिसली तर आणखी दोन. त्या अभ्यासात सहापेक्षा अधिक गुण असणाऱ्यांत सांधा पुन्हा निखळण्याचे प्रमाण ७० टक्के होते. सहा वा कमी गुण असणाऱ्यांत १० टक्के. म्हणजे या मुलाचे भवितव्य हाडावरील एका खाचेवर अवलंबून राहते. ती असल्यास, फऱ्याच्या हाडाचा छोटा कोंब खोबणीच्या कडेला स्क्रूने जोडण्याची लातार्जे यांची पद्धती (१९५४) अधिक भरवशाची ठरते.

मुंबईकर श्रेयस अय्यरचा डावा खांदा मार्च २०२१ मध्ये पुण्याच्या सामन्यात चेंडू अडवताना दुखावला. एप्रिलमध्ये शस्त्रक्रिया झाली. तेव्हा तो २६ वर्षांचा होता. वयाचे गुण शून्य, स्पर्धेचे दोन. पुढे २०२४ मध्ये त्याच्याच नेतृत्वाखाली कोलकात्याचा संघ आयपीएल विजेता ठरला.

सहाची ही सीमा काही अटळ नव्हे. नंतरच्या शल्यविशारदांनी ती चारपर्यंत, क्वचित तीनपर्यंतही खाली आणली आहे. मात्र वयाचे दोन गुण टाळण्यासाठी विशी उलटेपर्यंत थांबावे, असा अर्थ कोणी काढू नये. दरम्यान सांधा जितक्या वेळा निखळेल, तितके हाड अधिक झिजण्याचा धोका वाढतो.