सोंगाचे डोळे कुठे काढायचे?

सुरगाणा तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत विज्ञान शिकवणाऱ्या तरुण शिक्षिकेकडे यंदा नववीचे चित्रकलेचे तासही आले. तालुक्यात बरीच वर्षं काढलेल्या एका कलाशिक्षकांना तिने गाठलं. "सर, मला स्वतःला चित्र येत नाही. मुलांना काय शिकवू?"

"बघायला शिकवा," ते म्हणाले. "हात नंतर वळतो."

"पण परीक्षेचं काय?"

"परीक्षा आपल्या आड येत नाही. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा घ्या. वस्तूचं चित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. इंटरमिजिएटला ए श्रेणी आली तर दहावीत सात गुण मिळतात, बी ला पाच, सी ला तीन. मुलं गुणांसाठी बसतात, बसू द्या. स्मरणचित्राच्या कागदावर मात्र दोन टोकदार डोंगर, मधून उगवणारा सूर्य आणि एक झोपडी आली, की थांबवा. खिडकीबाहेर सह्याद्री उभा आहे, त्याचा माथा कुठे सपाट आहे, कडा कुठे तुटलाय, ते मुलांनी रोज पाहिलंय. आठवडे बाजार काढायला सांगा. सूप विकणारी बाई कशी बसते, पाटी डोक्यावर घेतली की मान कशी ताठ राहते, हे विचारा."

"आणि संकल्पचित्र? ते म्हणजे वर्तुळात पानं-फुलं भरणं ना?"

इथे सरांचा आवाज चढला. नक्षी हा संकल्पाचा एक भाग झाला, ते सांगू लागले. कुणासाठी, कशाचं, कुठे वापरायचं, हे ठरवून वस्तूला रूप देणं हा खरा संकल्प. त्याचा उत्तम वस्तुपाठ इथल्या बोहाड्यात आहे. सुरगाणा, पेठ, जव्हार, मोखाडा या पट्ट्यात गणपती, सरस्वती, रावण, नरसिंह अशी सोंगं रात्रभर नाचतात. मुखवटे लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे.

"एखादा मुखवटा वर्गात मागून आणा, अर्थात ज्या घराकडे त्याचा मान आहे त्यांना विचारून. मग मुलांना विचारा, नाचणाऱ्याला दिसायला फट कुठे ठेवलीय? रंगवलेल्या डोळ्यांत, डोळ्यांखाली की तोंडात? मशालीच्या उजेडात लांब बसलेल्याला चेहरा ओळखू यावा म्हणून डोळे केवढे काढलेत? संबळाच्या ठेक्यावर उड्या मारताना मुखवटा डोक्यावरून सरकत का नाही?"

"हे तर माझ्या विषयाचंच झालं. वजन, तोल, प्रकाश."

"म्हणून तर तुम्हाला जमेल."

ती थोडी थांबली. "सगळे सांगतात, आदिवासी मुलं आहेत, वारली काढून घ्या."

"काढून घ्या, पण साचा देऊ नका. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून माणूस होतो, एवढंच शिकवलं तर वहीभर तेच बाहुले येतात. वरचा त्रिकोण जरा कलता केला की तोच माणूस वाकून भात लावतो. गंमत त्या कलण्यात आहे. मूळ चित्र लग्नघरातल्या भिंतीवरचा चौक, तो बायका तांदळाच्या पिठाने काढत. डहाणूकडच्या जिव्या सोमा म्हशे यांनी सत्तरच्या दशकात ती कला कागदावर आणून जगभर नेली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. चौक कुणाचा, तो कधी काढतात, हे मुलांना कळू द्या. कोकणा किंवा महादेव कोळी मुलाने वारलीच काढावी असा आग्रहही नको. त्याच्या घरची कणगी, इरलं, डोंगरदेवाचा उत्सव, हे त्याचं आहे."

"अक्षरलेखन फार रटाळ वाटतं मुलांना."

"कारण आपण सुविचार लिहायला लावतो! बोरगावकडे रस्त्याकडेला स्ट्रॉबेरी विकतात. त्या टोपलीशेजारची पाटी करायला द्या. सापुताऱ्याला जाणाऱ्या गाडीतल्या माणसाला ती क्षणभरच दिसते. तेवढ्यात काय वाचून व्हावं? भाव मोठा की नाव? पाट्या मैदानाच्या एका टोकाला टेकवा, मुलांना दुसऱ्या टोकापासून पुढे चालवा. कुठल्या पावलाला अक्षर लागतं ते नोंदवा. 'स्ट्रॉ' मधला काना-चंद्र शिरोरेषेपाशी गर्दी करतो, 'ब' आणि 'व' लांबून सारखे दिसतात, हे मुलंच शोधून काढतात. र. कृ. जोशी यांनी संगणकासाठी 'मंगल' हा देवनागरी टंक घडवला, तेव्हा अशाच पोकळ्या आणि जोडाक्षरांचा विचार त्यांना करावा लागला, हे मग सांगा."

"रंग पुरत नाहीत, सर. वर्गाला मिळून एक पेटी."

"गेरू, कोळसा, तांदळाचं पीठ, बांबूची काडी ठेचून केलेला ब्रश. पाटीसाठी जुना पुठ्ठा. पोस्टर कलर परीक्षेच्या सरावाला राखून ठेवा, कारण तिथे ते सपाट, डाग न पडता भरता आले पाहिजेत. ती शिस्तही शिकवायचीच."

"आणि गुण कसे देऊ? मला तर चांगलं-वाईट कळत नाही."

"मुलाला चित्राशेजारी उभं करा आणि हे असं का केलंस, ते विचारा. पाटीवर भाव मोठा का काढला, हे ज्याला सांगता येतं, त्याची रेघ वाकडी असली तरी त्याला गुण द्या. रेघ सरळ करायला वर्ष आहे अजून. या आठवड्यात मात्र त्यांना बाजारात न्या, वही-पेन्सिल घेऊन, तासाभरासाठी."